दोर कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा

पत्र : मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत भूगोल शिकवते. वय ४३. डिसेंबरमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, त्यासाठी आठवडाभर पुण्याला येते आहे. लग्न शुक्रवारी. रविवारी मुळशीकडे कुठेतरी रॉक क्लाइंबिंगचं अर्ध्या दिवसाचं सत्र आहे. ‘मामी, नवशिक्यांसाठीच आहे, चल,’ म्हणून भाचा मागे लागलाय. मलाही मनापासून जायचंय. दख्खनचं पठार बेसॉल्टचं आहे असं मुलांना इतकी वर्षं शिकवतेय, पण एखादा कडा हाताने कधी धरलेला नाही. मात्र गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले तरी माझ्या पोटात गोळा येतो. वजन ७८ किलो. नणंद म्हणते, हातपाय मोडून घेशील, नसती उठाठेव कशाला. तिथे ओळखीचं कुणी नाही आणि शिकवणारी मुलं वीस-बावीस वर्षांची. त्यांच्या दोरावर विश्वास कसा ठेवायचा? मध्येच घाबरून अडकले तर? आणि त्याच रात्रीच्या गाडीने मला परत निघायचंय.
– एक शिक्षिका

ताई,

जरूर जा. वय, वजन, उंचीची भीती यातलं काहीही तुम्हाला घरी बसवण्याइतकं मोठं नाही. तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं, की तुम्हाला खरं अडवतंय ते वेगळंच आहे. अनोळखी पोरांच्या हातात जीव कसा द्यायचा, हा तो प्रश्न. अगदी रास्त प्रश्न आहे आणि नुसता धीर गोळा करून तो सुटत नाही. आधी चार गोष्टी विचाराव्या लागतात, मग जागेवर डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. माझ्यापुरती कसोटी एकच आहे. कड्याच्या भिंतीवर असताना तुम्ही ‘बस, मला खाली घ्या’ म्हणालात तर ते लगेच, हसून न उडवता, ऐकलं जाईल का? जिथे ऐकलं जातं तिथे बिनधास्त चढा.

सगळ्यात आधी भाच्याला एक गोष्ट विचारायला सांगा : हे क्लाइंबिंग आहे की रॅपलिंग? शनिवार-रविवारच्या जाहिरातींत दोन्ही शब्द एकत्र टाकलेले असतात आणि लोकांना ते एकच वाटतं. रॅपलिंगमध्ये कड्याच्या माथ्यावरून दोराने खाली उतरायचं असतं. म्हणजे सुरुवातच कड्याच्या धारेवर, पाठ दरीकडे करून. ज्याला उंचीची भीती आहे त्याच्यासाठी सगळ्यात कठीण क्षण अगदी पहिलाच असतो आणि तिथून माघार घेणंही अवघड वाटतं. क्लाइंबिंगची सुरुवात जमिनीवरून होते. एक फूट चढा, दोन फूट चढा, नको वाटलं तर उतरा. तुमच्यासाठी क्लाइंबिंगच योग्य. त्या सत्रात आधी रॅपलिंग ठेवलं असेल, तर ‘मी आधी चढणार, उतरण्याचं मग बघू’ असं स्पष्ट सांगा.

आता दोराबद्दल. नवशिक्यांना नेहमी ‘टॉप रोप’वर चढवतात. दोर वर कड्यावरच्या अँकरमधून, म्हणजे पक्क्या आधारातून, फिरवून आणलेला असतो. एक टोक तुमच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना, बांधलेलं, दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या माणसाकडे. तो तुम्हाला ‘बिले’ देतो, म्हणजे तुम्ही वर सरकाल तसतसा दोराचा झोल ओढून घेतो. हात सुटला तर दोर ताणला जाईल तेवढंच तुम्ही खाली येता आणि लटकता. क्लाइंबिंगचा दोर थोडा ताणला जावा असाच बनवलेला असतो, त्यामुळे झटका बसत नाही. पण त्या ताणामुळेच जमिनीजवळच्या पहिल्या काही फुटांत बिले देणाऱ्याने दोर घट्ट ठेवायचा असतो. दोर स्वतःबरोबर वर नेत चढण्याला ‘लीड’ म्हणतात. ते पहिल्या दिवसाचं काम नाही, कुणी आग्रह केला तरी नाही.

वजनाचं म्हणाल, तर दोर ओवायला वापरतात त्या एका चांगल्या कॅराबिनरवर, म्हणजे धातूच्या कडीवर, वीसपेक्षा जास्त किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो. साध्या भाषेत दोन टनांच्या वर. ७८ किलोंची त्याला फिकीर नाही. वजनामुळे बघायच्या गोष्टी दोनच. तुमच्या मापाचा हार्नेस त्यांच्याकडे आहे ना, हे फोनवरच विचारून घ्या. आणि तुम्हाला बिले देणारा मुलगा अंगाने फारच किरकोळ असेल, तर तुम्ही लटकलात की तो वर ओढला जाऊ शकतो. अशा वेळी त्याला खाली अँकर करतात किंवा वजनदार माणूस बिलेला उभा करतात. हे विचारायला संकोच करू नका. ज्याला काम कळतं तो या प्रश्नाने खूश होतो.

फोनवर आणखी काय विचारायचं? सत्राचा प्रमुख कोण आहे आणि तो त्या दिवशी प्रत्यक्ष कड्याशी असणार आहे का. मुलं वीस-बावीसची असणं हा दोष नाही. सह्याद्रीत त्या वयाची उत्तम चढणारी मुलं-मुली आहेत. मात्र त्यांच्या डोक्यावर एक जुना जाणता माणूस हवा. त्याने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी कोर्स केला असेल तर चांगलंच, पण ते शिक्षण बरंचसं हिमालयातलं असतं. म्हणून आपल्याकडच्या कातळावर त्याने किती वर्षं काम केलंय, हेही विचारा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाकडे आहे? जवळचा दवाखाना कुठे? मुळशीच्या आतल्या भागात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा १०८ ला फोन कुठून लागतो हे त्यांना माहीत असायला हवं. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तीही विचारा. नुसत्या नोंदणीने दोर पक्का होत नाही हे खरं, पण ज्याने हे सोपस्कार मनावर घेतलेत तो बाकीच्या गोष्टीही मनावर घेत असण्याची शक्यता जास्त. पुण्यात गिर्यारोहणाची परंपरा जुनी आहे. ‘गिरिप्रेमी’सारखी संस्था १९८२ पासून काम करतेय. त्यामुळे अमुक लोक कसे आहेत, हे सांगणारं कुणी ना कुणी गिर्यारोहकांत सापडतंच. भाच्याला दोन-तीन ठिकाणी चौकशी करू दे.

मग प्रत्यक्ष कड्यापाशी. इथे जरा सावकाश लिहिते, कारण तुमचा विश्वास इथेच बसायचा आहे.

हार्नेसचा कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर, जवळजवळ पोटावर बसला पाहिजे. बायका बहुतेक वेळा तो पँटच्या पट्ट्यासारखा खाली बांधतात, तो वर घ्या. पट्टा इतका घट्ट हवा, की खाली ओढला तरी हाडावरून सरकणार नाही. हार्नेस तुमचा तुम्हीच चढवा. चांगला शिकवणारा समोर उभा राहून कसा घालायचा ते सांगतो, मग नजरेने तपासतो आणि पट्टा ओढून बघायचा असेल तर आधी विचारतो. पायांचे पट्टे मांडीला येतात, त्यामुळे अनेकींना इथे अवघड वाटतं आणि त्या काही बोलत नाहीत. नोंदणी करतानाच ‘शिकवणाऱ्यांत एखादी मुलगी आहे का?’ असं विचारून ठेवा. नसेल तरी ‘मी घालते, तुम्ही सांगा’ एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दोर हार्नेसला बांधायची गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. तिच्यात दोर सगळीकडे जोडीने, शेजारी-शेजारी जायला हवा. कुठे एकच पदर दिसला तर गाठ अपुरी आहे. गाठीबाहेर वीतभर शेपूट शिल्लक हवं. तुम्हाला ती बांधता आली नाही तरी चालेल, वाचता आली पाहिजे. शिकवणाऱ्याला म्हणा, ‘मला एकदा दाखवा, मग मीच जोड्या मोजते.’ नंतर बिले देणाऱ्याकडे बघा. दोर त्याच्या उपकरणात नीट ओवलाय का आणि कॅराबिनरचा स्क्रू बंद आहे का? बोटाने दाबून बघितलं की लगेच कळतं. त्याचा एक हात दोराच्या ब्रेकच्या बाजूला असतो, तो हात तुम्ही भिंतीवर असेपर्यंत एकदाही सुटता कामा नये. जो त्या हाताने मोबाइल काढतो, त्याच्या दोरावर चढू नका. ही तपासणी दोघांनी एकमेकांची करायची असते आणि प्रत्येक चढाईआधी करायची असते. वरच्या अँकरबद्दलही विचारा. दोन स्वतंत्र आधार असलेच पाहिजेत, एक गेला तर दुसऱ्याने तोलावं म्हणून.

भाचा उत्साहाने म्हणेल, ‘मामीला मीच बिले देतो.’ नको. त्याला काही वर्षांचा सराव असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्याने बाजूला उभं राहून बघावं, शिकावं.

हे सगळं झालं, की चढायच्या आधी एक मागणी करा. कमरेइतक्या किंवा फार तर डोक्याइतक्या उंचीवर जायचं, ‘टाइट’ म्हणायचं आणि दोन्ही हात सोडून दोरात बसायचं. पहिल्यांदा हात सुटत नाहीत. मन खडक सोडायला तयारच होत नाही, बोटं पांढरी पडतात. घाई करू नका. एक हात सोडा, मग दुसरा. पाय भिंतीला टेकवून मागे रेला. वजन हार्नेसवर येतं, पट्टा मांडीत रुततो, दोर किंचित कुरकुरतो, आणि तुम्ही तिथेच असता. हे दोन-तीनदा करा, मग तिथूनच खाली यायचा सराव करा. पाय खांद्याइतके फाकवून, पाठ मागे झुकवून, भिंतीवर चालत. नवशिके वर गेल्यावर घाबरतात ते बहुतेक इथेच. चढणं जमतं, पण ‘आता मागे बसा’ म्हटलं की दोरावर विसंबणं जमत नाही आणि ते खडकाला मिठी मारून राहतात. खाली हा सराव झालेला असेल तर वर तसं अडकायला होत नाही.

गच्चीवरचा पोटातला गोळा आणि भिंतीवरची भीती यांत फरक आहे. गच्चीवर तुम्हाला कशानेही धरलेलं नसतं. भिंतीवर डोळ्यांसमोर फूटभरावर खडक असतो आणि पुढचा पाय कुठे ठेवायचा यात मन गुंतून जातं. तरीही मध्येच भीती दाटून आली तर काही धाडस करू नका. ‘टाइट’ म्हणा, दोरात बसा, चार श्वास सावकाश सोडा. मग ठरवा, वर की खाली. ‘खाली’ म्हणालात तर शिकवणाऱ्याने एकदा विचारावं, ‘नक्की?’ दुसऱ्यांदा विचारू नये. ‘काही होत नाही हो, चढा!’ असा खालून गलका करणारा गट असेल तर तो थांबवणं हे त्या प्रमुखाचं काम आहे.

आता तुमच्या आवडीचा भाग. मुळशीकडे तुम्हाला मिळेल तो तुमचाच बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर आडवे पसरत गेले, म्हणून आपल्या कड्यांना आडव्या खाचा आणि अरुंद पायऱ्या असतात. बोटांची पेरं आत जातील आणि बुटाचं टोक मावेल अशा. नवशिक्याला हे फार सोयीचं. काही ठिकाणी लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं दिसतील, तुम्ही फळ्यावर काढता तीच. बोट घालून बघा. पण हाच कातळ तडकलेला असतो, ठिसूळही असतो. म्हणून जाणता माणूस दगडावर भार देण्याआधी तळव्याने ठोकून बघतो. भरीव दगडाचा आवाज बसका येतो, सुटलेला दगड पोकळ वाजतो. ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. तुमच्या हातून दगड सुटला तर मोठ्याने ‘दगड!’ ओरडा. दुसऱ्या कुणाची ती हाक ऐकू आली तर वर बघू नका, भिंतीला चिकटा. हेल्मेट कड्याखाली पोचल्यापासून डोक्यावर हवं, तुमची पाळी नसली तरीही.

चढताना हातांनी अंग वर ओढायला जाल तर पाच मिनिटांत पोटऱ्यांसारखे हात भरून येतील. हात सरळ ठेवून नुसते धरा, उचलायचं काम पायांना द्या. पावलं छोटी. पाय ठेवेपर्यंत नजर पायावर. ७८ किलो उचलायला मांड्या समर्थ आहेत, तुम्ही रोज त्याच मांड्यांवर दिवसभर वर्गात उभ्या राहता.

लग्नघरातून येताय म्हणून काही गोष्टी मुद्दाम सांगते. बांगड्या भरताना थोड्या सैल भरून घ्या, म्हणजे रविवारी सकाळी उतरवता येतील. काचेची बांगडी खडकावर फुटली तर मनगट कापतं. अंगठी अजिबात नको. कपारीत अडकली आणि वजन आलं तर बोटाची कातडी सोलून निघते, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. मंगळसूत्र नणंदेकडे ठेवा. जोडवी काढा, क्लाइंबिंगचे बूट इतके घट्ट असतात की ती बोटांत रुततात. बूट मिळाले नाहीत तर पातळ, पक्क्या तळव्याचे साधे स्पोर्ट्स शूज चालतील. ओढणी नको, ट्रॅक पँट आणि आत खोचलेला टी-शर्ट बरा. वेणी घालून ती आत टाका, मोकळे केस बिलेच्या उपकरणात अडकतात. नखं आदल्या रात्री कापा.

अत्तर, सेंट, गजरा काहीही नको. सह्याद्रीतल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात. पोचल्यावर कड्याच्या वरच्या भागात आणि बाजूच्या कपारींत मोहोळ आहे का, हे प्रमुखाला विचारा. असेल तर तो कडा त्या दिवशी सोडायचा, त्यात तडजोड नाही. गटातला कुणी तिथे सिगारेट पेटवत असेल तर तुम्हीच आवाज चढवा, शिक्षिकेचा आवाज अशा वेळी उपयोगी पडतो.

रक्तदाब, मधुमेह, दमा, कधी खांदा निखळलेला असेल, तर ते आधी सांगा आणि डॉक्टरांना विचारून मगच जा. डिसेंबर महिना उत्तम आहे, कातळ कोरडा आणि हवा थंड. पण अवकाळी पाऊस झाला तर ओल्या दगडावर चढू नका. सकाळी निघण्याआधी पोहे किंवा उपमा, पोटभर नाही. पाणी मात्र भरपूर न्या. आणि शनिवारी रात्री झोपा. लग्नाची आवराआवर बाकीचे करतील.

जमलं तर लग्नाआधी, बुधवारच्या आसपास, तासभर वेळ काढा. पुण्यात क्लाइंबिंगच्या कृत्रिम भिंती आहेत, भाच्याला एखादी शोधू दे. हार्नेस घालून दोरात बसायचा सराव तिथे झाला, तर रविवारी तुम्ही अर्ध्या निवांत असाल.

इतकी काळजी घेऊनही जागेवर गेल्यावर काही खटकलं तर? हेल्मेट कमी पडतायत, दोराचं वरचं कवच फाटून आतला पांढरा गाभा दिसतोय, अँकर एकाच झुडपाला बांधलाय, तुमच्या प्रश्नांना ‘आपल्याकडे असं काही होत नाही’ एवढंच उत्तर येतंय. यातलं एक जरी दिसलं तरी हार्नेस काढा आणि बाजूला बसा. भरलेले पैसे गेले तर जाऊ द्या. भाच्याला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे वाद होणार नाही. तो रुसला तरी चालेल.

नणंदेला समजावत बसू नका. तिच्या घरी लग्न आहे, तिला आणखी एक काळजी नको आहे, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ घ्या. तिला कड्याचं ठिकाण, जवळच्या गावाचं नाव, प्रमुखाचा फोन नंबर आणि परतायची वेळ एका कागदावर लिहून द्या. परतताना वाहतुकीच्या गर्दीत वेळ जाईल, तो धरूनच वेळ लिहा.

आणि रविवारच्या रात्रीची गाडी बदला. सत्र लांबलं तर गाडीच्या घाईत उतरायची घाई होते आणि घाईत गाठ तपासायची राहते. शिवाय दुसऱ्या दिवशी दंड आणि बोटं इतकी आखडतील, की बॅग उचलताना त्रास होईल. सोमवारी दुपारची गाडी बघा आणि मुख्याध्यापकांकडे सोमवारचा रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा.